परक्या गावात लावलेली चाल

गेल्या पावसाळ्यात एका मित्राकडे आम्ही काहीजण गाणी ऐकायला जमलो होतो. अशा बैठकांचं आधी काही ठरलेलं नसतं. ज्याला जे ऐकवावंसं वाटेल ते त्यानं आणायचं. मी कुर्ट वाइल हा जर्मन संगीतकार नेला होता. आधी ‘थ्रीपेनी ऑपेरा’तलं सुरीवाल्या मॅकचं गाणं लावलं, मूळ जर्मनमधलं, वाइलची बायको लॉटे लेन्या हिच्या आवाजात. तो आवाज खरखरीत, दात दाखवून हसणारा. ऐकणारे सावरून बसले. मग त्याच वाइलनं दहा वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये लिहिलेलं ‘सप्टेंबर साँग’ लावलं. खोलीतलं वारं बदललं. कुणी खिडकी लावून घेतली, कुणी मोबाइल पाहिला. गाणं संपल्यावर एक ज्येष्ठ गृहस्थ बोलले. त्यांनी उभं आयुष्य नाटकं बघण्यात घालवलं आहे आणि त्यांच्या कानावर माझा पूर्ण विश्वास आहे. ते म्हणाले, “हा तो नव्हे. पहिला होता तो खरा माणूस. हा अमेरिकेत जाऊन वाया गेला.” दोघा-तिघांनी माना डोलावल्या. तेवढ्यात चहा आला आणि विषय बदलला.

माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य जाईना. ते काही त्या गृहस्थांनी नव्यानं काढलेलं नव्हतं. १९५० साली वाइल गेला तेव्हा आडोर्नोसारख्या दिग्गज जर्मन विचारवंतानं मृत्युलेखात साधारण हाच सूर लावला होता: बर्लिनमधला वाइल महत्त्वाचा, पुढचा ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या धंदेवाईक नाटकांच्या, बाजारात हरवला. तेव्हापासून ‘दोन वाइल’ असं बोलायची पद्धतच पडून गेली. एक सिगारेटच्या धुरातला, दुसरा झगमगीत दिव्यांतला. एक कलावंत, दुसरा व्यावसायिक. मला यात खुपलं ते वेगळंच. घर सोडून गेलेल्या माणसानं तिकडे बसून इकडच्या आठवणीत झुरत राहावं, अशी आपली मनातून अपेक्षा असते. तो झुरला तर आपल्याला तो आपला वाटतो. तो तिकडे रमला, तिथल्या लोकांसाठी जीव ओतून काम करू लागला, की आपण त्याच्यावर फुली मारतो. ज्याला त्याच्या देशानं हाकलून लावलं त्यालाही हाच नियम लावायचा का?

वाइलचं नाव मला घरातूनच कळलं, पण उलट्या बाजूनं. वडिलांनी थिएटर अकादमीचं ‘तीन पैशाचा तमाशा’ पाहिलं होतं. १९७८चं हे नाटक, ‘थ्रीपेनी ऑपेरा’चं पु. लं.नी केलेलं रूपांतर, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, आणि अंकुश, म्हणजे मराठीतला मॅक, झालेला नंदू भेंडे. वडील आयुष्यभर त्या नंदू भेंडेबद्दल बोलत आले. आत्माराम भेंड्यांचा हा मुलगा, कानात रॉक संगीत मुरलेला. मराठी रंगभूमीवर असा आवाज त्याआधी कुणी ऐकलाच नव्हता, असं ते म्हणत. नाट्यपदापासून लावणीपर्यंत आणि तिथून थेट पॉपपर्यंत उड्या मारणारं संगीत, आणि ते सगळं एका गुंडाच्या गोष्टीत. पण त्यांच्या तोंडी नाव यायचं ते ब्रेख्तचं, मूळ नाटकाचे शब्द लिहिणाऱ्या जर्मन नाटककाराचं. आपल्याकडे ब्रेख्त घरचा झाला. खानोलकरांच्या ‘अजब न्याय वर्तुळाचा’मधून, माडगूळकरांच्या ‘देवाजीने करुणा केली’मधून तो मराठी होऊन आला. वाइल तेवढा मागे राहिला, कारण शब्दांचं रूपांतर झालं आणि संगीत इथे नव्यानं झालं. त्यात गैर काही नाही. उलट वाइलला ते मनापासून पटलं असतं, असं मला आता वाटतं. ज्या गावात नाटक, त्या गावच्या कानाची चाल. त्यानं स्वतः जन्मभर दुसरं काय केलं?

जन्म देसाऊचा, २ मार्च १९००. वडील ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, सिनेगॉगमध्ये, प्रार्थना गाणारे, म्हणजे घरात रियाज, घरात सूर, आणि त्या सुरांमागे जमलेल्या माणसांची गरज. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. हे गाणं कुणी टाळी द्यावी म्हणून गायलेलं नसतं. समोर बसलेल्यांना त्याच्यावाचून पुढे जाता येत नाही म्हणून ते गायचं असतं. पुढे बर्लिनला शिक्षण, मध्येच पैशांची ओढाताण, आणि विशीच्या आत ल्यूडेनशाइड नावाच्या छोट्या गावातल्या नाटक कंपनीत वाद्यवृंद चालवायची नोकरी. आज ऑपेरा, उद्या ऑपरेटा, परवा फार्स. नट आजारी पडला की गाण्याची पट्टी बदला, वादक आला नाही की त्याचा भाग दुसऱ्याकडून वाजवून घ्या. आपल्या जुन्या संगीत मंडळ्यांमधल्या ऑर्गनवाल्यांना हे सगळं सांगायला नको. त्यानंतर बर्लिनमध्ये बुसोनीसारख्या कठोर, विद्वान गुरूकडे तो शिकला. पण नाटकाचं खरं बाळकडू त्याला त्या छोट्या गावातच मिळालं, असं मला वाटतं. नाटक आज रात्री उभं राहायला हवं, ही जी घाई अंगात भिनते, ती पुस्तकातून येत नाही.

लेन्या त्याला भेटली १९२४ साली, बर्लिनबाहेर ग्र्यूनहाइडेच्या तळ्यावर. ती नाटककार गेओर्ग कायझर यांच्याकडे राहत होती आणि स्टेशनावर उतरलेल्या या चष्मेवाल्या बुटक्या तरुणाला आणायला होडी घेऊन गेली होती. वल्ही तिच्याच हातात. पुढे लग्न, घटस्फोट, आणि अमेरिकेत गेल्यावर १९३७ मध्ये पुन्हा त्याच दोघांचं लग्न. त्यांच्या नात्याबद्दल खूप लिहिलं गेलं आहे, ते मी बाजूला ठेवतो. मला एवढंच दिसतं की त्या न शिकवलेल्या, किंचित चिरक्या आवाजात त्याला आपल्या गाण्याची जागा सापडली. गळा तयार नसलेल्या माणसाला गाता येईल आणि तरीही संगीत पातळ होणार नाही, अशी चाल बांधायची. हे कसब तिच्यामुळे त्याच्या हाताला लागलं. ते पुढे कसं कामी आलं ते सांगतोच.

३१ ऑगस्ट १९२८ची बर्लिनमधली रात्र. शिफबाउअरडाम थिएटरात ‘थ्रीपेनी ऑपेरा’चा पहिला प्रयोग. तालमी इतक्या विस्कटलेल्या की नाटक आठवडाभर तरी टिकेल का याची खात्री कुणालाच नव्हती. मॅकचं काम करणाऱ्या हाराल्ड पाउलसेनला स्वतःच्या प्रवेशाआधी जोरदार काहीतरी हवं होतं, म्हणून अगदी शेवटच्या दिवसांत एक गाणं लिहिलं गेलं, रस्त्यावर पेटी वाजवत खुनांच्या हकीकती गाणाऱ्या भटक्यांच्या थाटातलं. तेच ते सुरीवाल्या मॅकचं गाणं. पहिल्या प्रयोगाला ती हाताने फिरवायची पेटी पहिल्या कडव्याला वाजलीच नाही, आणि छापलेल्या कार्यक्रमपत्रिकेत लेन्याचं नाव गाळलेलं निघालं. एरवी शांत असणारा वाइल त्या रात्री भडकला होता. प्रेक्षक थंड बसले होते. मग तबेल्यातल्या लग्नाच्या प्रवेशात तोफांचं गाणं आलं आणि थिएटर पेटलं. लोक पुन्हा पुन्हा तेच गाणं मागू लागले. खाली वाद्यं वाजवायला माणसं सात, आणि त्यातला एकेक जण अनेक वाद्यं हाताळणारा. मी ते ध्वनिमुद्रण ऐकतो तेव्हा दर वेळी या काटकसरीनं चकित होतो. बँजो, सॅक्सोफोन, हार्मोनियम, ड्रम. एकही स्वर जास्तीचा नाही. गोड चालीत विषारी शब्द आणि कडवट सुरावर प्रेमाची भाषा; ऐकणाऱ्याला कुठे रेलावं तेच कळू नये.

मग १९३३ उजाडलं.

फेब्रुवारीच्या १८ तारखेला त्याचं ‘डेर झिल्बरझे’ हे नाटक लाइपझिग, माग्डेबुर्ग आणि एरफुर्ट या तीन शहरांत एकाच दिवशी सुरू झालं. हिटलर सत्तेवर येऊन तीन आठवडेही झाले नव्हते. नाझींनी गोंधळ घातला, थोड्याच दिवसांत प्रयोग बंद पडले. मार्चमध्ये नेपथ्यकार मित्र कास्पर नेहर आणि त्याची बायको यांनी वाइलला गाडीतून सीमेपलीकडे नेलं. तेहेतीस वर्षांचा माणूस, जर्मनीतल्या सर्वाधिक गाजलेल्या नाट्यसंगीतकारांपैकी एक, थोडं सामान घेऊन पॅरिसला उतरला. तिथेही सुख नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एका मैफलीत त्याची गाणी झाली तेव्हा फ्लोराँ श्मिट नावाच्या फ्रेंच संगीतकारानं भर सभेत हिटलरचा जयजयकार केला. प्रेक्षागृहात बसलेल्या निर्वासिताला ते ऐकावं लागलं, तेही आपल्याच पेशातल्या माणसाच्या तोंडून. पण या पॅरिसच्या दिवसांतही बघा, तो फ्रेंच गाणी लिहीत होता. ‘मारी गालांत’ या नाटकातलं, जहाजाची वाट बघणाऱ्या बाईचं त्याचं गाणं पुढे युद्धकाळात फ्रान्समधल्या प्रतिकार चळवळीतल्या लोकांनी आपलंसं केलं. नुकत्याच आलेल्या परक्यानं लिहिलेलं गाणं एका देशाला आपल्या संकटात गावंसं वाटलं. ‘वाया गेला’ म्हणणाऱ्यांनी या एका गाण्याचा तरी विचार करावा.

१० सप्टेंबर १९३५ला ‘मॅजेस्टिक’ बोटीतून तो आणि लेन्या न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले. आले होते ‘द इटर्नल रोड’ या एका भव्य नाटकापुरते, माक्स राइनहार्ट दिग्दर्शक, ज्यू लोकांची प्राचीन कथा. लहानपणी सिनेगॉगमध्ये ऐकलेल्या सुरावटी त्यानं त्यात वापरल्या. पण नेपथ्य इतकं अवाढव्य की थिएटरच फोडून नव्यानं बांधायची वेळ आली, पैसे संपले, आणि पडदा वर जायला जानेवारी १९३७ उजाडलं. १५३ प्रयोग होऊनही नाटक तोट्यात गेलं. या रखडलेल्या दिवसांत दुसरा कुणी हॉटेलच्या खोलीत बसून बर्लिनच्या आठवणी काढत बसला असता. वाइल मात्र नाटकं बघत हिंडला. आल्यानंतर काही आठवड्यांतच त्यानं गर्श्विनच्या ‘पोर्गी अँड बेस’ची तालीम बसून ऐकली. इथे ऑपेरा वेगळ्या इमारतीत नसून ब्रॉडवेवरच घडू शकतो, तिकीट काढून येणाऱ्या सामान्य माणसासमोर, हे त्याला दिसलं. बायकोशीही तो आता इंग्रजीत बोलू लागला, पुढे दोघांची एकमेकांना पत्रंही इंग्रजीतच. मला हे वाचताना आधी वाईट वाटलं होतं. घरात तरी आपली भाषा असावी ना. पण ज्या भाषेत माणसं आपल्याविरुद्ध घोषणा देत होती, पुस्तकं जाळत होती, ती भाषा जेवणाच्या टेबलावर नको असेल, तर तो त्यांचा हक्क होता.

आता त्या ‘सप्टेंबर साँग’कडे येतो, कारण निकाल त्याच्यावरच लागला होता. १९३८चं ‘निकरबॉकर हॉलिडे’, नाटककार मॅक्सवेल अँडरसन. त्यातल्या म्हाताऱ्या गव्हर्नरच्या भूमिकेसाठी वॉल्टर ह्यूस्टन ठरला. तो उत्तम नट होता, गायक मात्र नव्हता. आपला आवाज कुठवर जातो असं विचारलं तेव्हा त्यानं पल्ला काहीच नाही असं कळवलं, अशी हकीकत आहे. वाइलनं त्या आवाजाच्या मर्यादेत बसेल असं गाणं बांधलं. ऐकून बघा. सूर लांब उडी घेत नाही, बोलता बोलता पुढे सरकतो. पहिल्या ओळीतच चाल क्षणभर उजळते आणि लगेच झाकोळते, पुन्हा उजळते. दिवस थोडे राहिले आहेत आणि ते मला तुझ्याबरोबर घालवायचे आहेत, एवढंच म्हणणारा थकलेला माणूस. आता सांगा, गळा नसलेल्या माणसासाठी चाल, तिच्यात उजेड आणि सावली एकाच वेळी, आणि नाटकातल्या त्या एका क्षणाची गरज. हे लेन्याच्या आवाजातून शिकलेलंच कसब आहे. बर्लिनमध्ये त्यानं तो दुहेरी सूर लोकांना अस्वस्थ करायला वापरला, इथे एका वयस्क माणसाचं मन उघडायला. हत्यार तेच आहे, हातही तोच आहे. नाटक म्हणून ‘निकरबॉकर हॉलिडे’ मला फारसं उभं राहिलेलं वाटत नाही, त्यातला राजकीय भाग आज शिळा झाला आहे. गाणं मात्र नाटकाच्या कितीतरी पुढे गेलं.

त्याच्या अमेरिकन कामात मला सगळ्यात नवल वाटतं ते १९४१च्या ‘लेडी इन द डार्क’चं. मॉस हार्टचं लेखन, गाणी आयरा गर्श्विनची. एका फॅशन मासिकाची संपादक, लायझा एलियट, मनानं खचलेली, मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊ लागते. तिच्या रोजच्या आयुष्यातल्या प्रवेशांना संगीतच नाही. ती स्वप्नं सांगू लागली की वाद्यवृंद जागा होतो आणि अख्खं स्वप्न गाण्यात घडतं. या सगळ्यातून एक सुरावट तिचा पाठलाग करते, लहानपणी शिकलेल्या एका गाण्याचा तुकडा. दोन-चार स्वर आठवतात, पुढचं आठवत नाही. स्वप्नांमध्ये तोच तुकडा कधी भीतीदायक होऊन येतो, कधी वेडावाकडा. अगदी शेवटी, बालपणीची जखम सापडल्यावर, तिला ते गाणं पूर्ण आठवतं: माझं जहाज, त्याची रेशमी शिडं. संपूर्ण नाटकभर प्रेक्षकाला एका अर्ध्या सुरावर तिष्ठत ठेवायचं आणि मग तो सूर पुरा करायचा. इतकं धाडस ब्रॉडवेवर त्याआधी कुणी केलं होतं असं मला दिसत नाही. आणि ते चाललंही, ४६७ प्रयोग. आपल्याकडे संगीत नाटकात पद रंगलं की ‘वन्स मोअर’, आणि पदासाठी नाटक थांबलेलं, याची सवय असलेल्या माझ्यासारख्याला हे ऐकताना हेवा वाटतो. इथे गाणं काढलं तर नाटकच उरत नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवतो, कारण बाजारात हरवलेला माणूस असं काम करत नाही. ब्रॉडवेची रीत अशी की संगीतकारानं पियानोवर चाली बांधून द्यायच्या, त्यांची वाद्यवृंदासाठीची मांडणी दुसरा माणूस करणार. वेळ वाचतो, प्रत्येकाचं काम ठरलेलं. वाइलनं ते जवळजवळ कधीच मान्य केलं नाही. कुठला स्वर क्लॅरिनेटनं घ्यायचा आणि कुठला तारवाद्यांनी, हे आपल्या संगीताचंच अंग आहे, दुसऱ्याच्या हाती द्यायची वस्तू नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणजे बॉस्टन किंवा फिलाडेल्फियात आधीचे प्रयोग चालू असताना दिवसा तालीम, रात्री नव्या गाण्याची पानंच्या पानं स्वतः लिहिणं. वीसेक वाद्यांचा प्रत्येक भाग वेगळा. पन्नाशीत हृदय बंद पडलं त्याचं, आणि मला त्या रात्रींची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

‘लेडी इन द डार्क’च्या पैशातून त्यानं न्यूयॉर्कबाहेर रॉकलंड काउंटीत ब्रुक हाउस नावाचं घर घेतलं, शेजारी मॅक्सवेल अँडरसन. युद्धाच्या काळात हे दोघं टेकडीवर बसून शत्रूच्या विमानांवर नजर ठेवायची पाळी करत. ऑगस्ट १९४३ मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला. त्याच वर्षी ‘वन टच ऑफ व्हीनस’ आलं, ५६७ प्रयोग. पुढे ‘लाइफ’ मासिकानं त्याला जर्मन संगीतकार म्हटलं तेव्हा त्यानं पत्र लिहून कळवलं की मी स्वतःला जर्मन संगीतकार मानत नाही, नाझींनीही मला तसं मानलं नव्हतं. १९४७ मध्ये तो आईवडिलांना भेटायला पॅलेस्टाइनला गेला, वाटेत लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड झालं. जर्मनीत त्यानं पाय ठेवला नाही, पुढेही कधी नाही. इथे माझं मन दोन्हीकडे ओढतं. देसाऊच्या त्या गल्ल्या, ती सिनेगॉग, जिथे वडील गायचे आणि जी १९३८ मध्ये जाळली गेली. एकदा तरी जाऊन उभं राहावंसं वाटलं नसेल? वाटलं असेल तर त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. माझ्यातला श्रोता त्याच्या संगीतात ती हुरहुर शोधत राहतो, आणि अर्ध्या आठवणाऱ्या गाण्याच्या नाटकापाशी येऊन थांबतो. पण तो माझा शोध आहे. त्याच्यावर ती लादायची मला भीती वाटते.

याच काळातला एक धागा मुंबईपर्यंत येतो. कार्ल्सबाडचा वॉल्टर काउफमन, जर्मन बोलणारा ज्यू संगीतकार, १९३४ साली मुंबईला येऊन पोहोचला आणि बारा वर्षं राहिला. आकाशवाणीची ती सकाळची सुरावट, जिच्यावर आपल्या दोन-तीन पिढ्या उठल्या, ती त्याची. युद्धानंतर तोही पुढे सरकला आणि शेवटी इंडियाना विद्यापीठात शिकवू लागला, आपल्या रागांवर मोठमोठे ग्रंथ लिहू लागला. त्याच विद्यापीठात १९४८ मध्ये वाइलचं ‘डाउन इन द व्हॅली’ पहिल्यांदा झालं होतं, अमेरिकन लोकगीतांवर बांधलेलं, विद्यार्थ्यांना आणि हौशी मंडळींना करता येईल असं छोटंसं नाट्य. दोघांच्या वेळा चुकल्या. पण एकजण यमन-भैरव समजून घेत बसला, दुसरा डोंगराळ खेड्यांतली गाणी. काउफमननं आपलं गाव विसरून आकाशवाणीची चाल केली, म्हणून तो वाया गेला, असं आपण म्हणतो का? आपण तर ती चाल आपलीच समजतो.

आणि मग ‘स्ट्रीट सीन’. ९ जानेवारी १९४७, अडेल्फी थिएटर. एल्मर राइसचं जुनं गाजलेलं नाटक, गाण्यांचे शब्द लँग्स्टन ह्यूजचे. ब्रॉडवेवर एका गोऱ्या नाटककाराच्या नाटकासाठी कृष्णवर्णीय कवीला बोलावणं ही त्या काळी सहज घडणारी गोष्ट नव्हती. ह्यूज त्याला हार्लेमच्या क्लबांत घेऊन गेला, दोघं मुलांचे रस्त्यावरचे खेळ बघत फिरले, आणि ते खेळ, ती गाणी नाटकात आली. रंगमंचावर न्यूयॉर्कमधली एक जुनी बहुमजली इमारत, बाहेरच्या पायऱ्या, आणि असह्य उकाडा. इटालियन, स्वीडिश, ज्यू, आयरिश कुटुंबं. पायऱ्यांवर बसून बायका गरम किती होतंय यापासून सुरू करतात आणि वरच्या मजल्यावरच्या बाईच्या भानगडीवर येतात. आपल्या गिरगावातली एखादी चाळ उचलून तिकडे ठेवावी तसं. कुणी आइस्क्रीम घेऊन येतो तर सहाजणांचं भलंमोठं गाणं होतं, इटालियन ऑपेराच्या थाटात, आइस्क्रीमच्या कोनावर. मिसेस मोरांट आपल्या संसाराचं दुःख गाते ते थेट ऑपेराच्या उंचीचं. तरुण सॅम रात्री एकटा पायऱ्यांवर बसून गातो की एवढ्या भरलेल्या घरात इतकं एकटं कसं वाटतं. झाडूवाला ब्लूज गातो. हे सगळे सूर एकाच नाटकात, आणि कुठेही ठिगळ लावल्यासारखं वाटत नाही, कारण त्या इमारतीत ही सगळी माणसं खरोखरच राहतात. दुसऱ्या दिवशी नवरा बायकोचा खून करतो. लगेच दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या दोन आया बाबागाड्या ढकलत खुनाची जागा बघायला येतात आणि वर्तमानपत्रातली बातमी वाचत बाळांना अंगाई गातात. हा प्रवेश पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी ताडकन उठून बसलो. गोड चाल आणि खाली रक्त. थ्रीपेनीचा वाइल कुठे गेला, असं विचारणाऱ्यांनी ही अंगाई ऐकावी. फिलाडेल्फियात आधीचे प्रयोग वाईट गेले होते, तरी त्यानं नाटक सोडलं नाही. न्यूयॉर्कमध्ये १४८ प्रयोग झाले आणि पहिल्यावहिल्या टोनी पुरस्कारांत त्याच्या संगीताला मान मिळाला.

शेवटचं मोठं काम ‘लॉस्ट इन द स्टार्स’, १९४९, दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाच्या गोष्टीवर, पुन्हा अँडरसनबरोबर. ते चालू असतानाच ३ एप्रिल १९५०ला वाइल गेला. वय पन्नास. ‘हकलबेरी फिन’वरचं नाटक अर्धं राहिलं. हॅव्हरस्ट्रॉच्या दफनभूमीत त्याच्या दगडावर ‘लॉस्ट इन द स्टार्स’मधल्याच ओळी कोरल्या आहेत, स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याच्या.

आता गंमत बघा. त्याच्या हयातीत अमेरिकेत थ्रीपेनीचा प्रयोग १९३३ साली झाला होता आणि बाराव्या खेळाला बंद पडला होता. अमेरिकेला तो माहीत होता तो ‘सप्टेंबर साँग’चा, ‘स्पीक लो’चा. बर्लिनचा वाइल तिथे पोहोचला त्याच्या मृत्यूनंतर, मार्च १९५४ मध्ये, मार्क ब्लिट्सस्टाइनच्या इंग्रजी रूपांतरातून, न्यूयॉर्कच्या एका छोट्या थिएटरात, आणि त्यात लेन्या पुन्हा नाटकातली जेनी झाली. नाटक वर्षानुवर्षं चाललं. मग लुई आर्मस्ट्राँगनं मॅकचं गाणं गायलं, बॉबी डॅरिननं गायलं, आणि सुरीवाला गुंड घराघरांत गेला. विधवा लेन्यानं उरलेलं आयुष्य नवऱ्याची बर्लिनची गाणी जगाला ऐकवण्यात घालवलं, आणि तिच्या आवाजात इतकी ताकद होती की अमेरिकेतला वाइल त्याखाली झाकला गेला. आम्ही त्या संध्याकाळी मित्राकडे ऐकलेला क्रमही तोच होता. आधी लेन्या, नंतर बाकीचं. त्यानंतर ‘सप्टेंबर साँग’ला न्याय मिळणं अवघडच होतं.

वाइलनं एका मुलाखतीत म्हटलं होतं की गंभीर संगीत आणि हलकं संगीत असा भेद मी मानत नाही, चांगलं आणि वाईट एवढंच मानतो, आणि मी आजच्यासाठी लिहितो, पुढच्या पिढ्यांची मला फिकीर नाही. ब्रेख्तबरोबरच्या ‘महागोनी’ या ऑपेरातला दाहक कडवेपणा मला त्याच्या ब्रॉडवेवरच्या कामात क्वचितच सापडतो, हे मी मान्य करतो. तो कडवेपणा बर्लिनच्या त्या वर्षांचा होता, तिथल्या लोकांच्या पोटातला होता. न्यूयॉर्कच्या उकाड्यात पायऱ्यांवर बसलेल्या बाईच्या पोटात वेगळं काही होतं. ते त्यानं ऐकलं.

त्या ज्येष्ठ गृहस्थांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ‘स्ट्रीट सीन’चं ध्वनिमुद्रण मागवलं. त्यांचं मत बदलेल की नाही मला माहीत नाही, पण मी त्यांना एक विनंतीही केली आहे, कारण त्यांच्या शब्दाला नाटकवाल्यांत अजून वजन आहे. थ्रीपेनी आपण १९७८ साली मराठीत आणलं. ‘स्ट्रीट सीन’ अजून आणता येईल. पायऱ्यांवरची कोंडलेली दुपार, वरच्या मजल्यावरची बाई, शेजारणींची कुजबुज, आइस्क्रीमच्या जागी बर्फाचा गोळा, आणि दोन आयांची ती अंगाई. झाडूवाल्याला कुणी गाणारा शाहीर मिळाला तर फारच उत्तम. चाली मात्र नव्या बांधाव्या लागतील, इथल्याच कुणीतरी, वीस-पंचवीस वाद्यांची पानं स्वतः लिहायची तयारी असलेल्या माणसानं.